साट्याच्या बदाम करंज्या: घरची रीत, ओव्हनची आच

दिवाळीचा चिवडा बाहेरून आणला तरी घरात कुणी फार बोलत नाही. शेव-चकलीचंही तसंच. करंजी मात्र घरचीच लागते, आणि ती साट्याची असेल तर अमक्या घरची म्हणून ओळखली जाते. नागपुरात प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, गोपाळ नगर, खामला या बाजूच्या कितीतरी घरांत अशी एखादी रीत आहे. कुणाकडे सारणात बदाम आणि खसखस, कुणाकडे खवा, कुणाकडे सुकं खोबरं. ती येते घरातल्या एकाच व्यक्तीला, आणि ती व्यक्ती बहुधा सत्तरीच्या पुढची. दोन-दोन तास कढईसमोर उभं राहणं आता त्यांना झेपत नाही. ज्यांना झेपेल ती मुलं-सुना पुण्यात, बंगळुरूत, नाहीतर आणखी लांब. ती येतात धनत्रयोदशीला, तोवर फराळाचे डबे भरलेले असतात. खाणं होतं, शिकणं राहून जातं.

बदामाचं सारण भरलेली साट्याची करंजी ओव्हनमध्ये कशी भाजायची, हे इथे वजनासकट दिलं आहे. ते पाया म्हणून घ्या आणि त्यावर तुमच्या घरची रीत बसवा. रीत टिकते ती कुणीतरी तिचं वजन करून ठेवलं तर. ‘अंदाजानं घ्यायचं’ एवढ्यावर सोडली, की ती त्या हाताबरोबरच जाते.

तळायची की भाजायची?

ओल्या नारळाची किंवा सुक्या खोबऱ्याची करंजी तळलेलीच चांगली. तिथे ओव्हनचा आग्रह धरू नये. बदामाचं तसं नाही. बदामाचा वास नाजूक असतो आणि तळणीच्या वासाखाली तो दबतो. ओव्हनच्या कोरड्या आचेत तो जसाच्या तसा राहतो, सारण तेलकट होत नाही आणि करंजी हाताला तूप लावत नाही. शिवाय एका ताटात डझनभर करंज्या एकदम होतात. गरम तेलासमोर उभं राहावं लागत नाही, त्यामुळे आजी किंवा सासूबाई खुर्चीवर बसून सगळं काम सांगू शकतात, आणि मुरड घालण्यासारखं हातकौशल्याचं काम स्वतः करूही शकतात.

ही पद्धत परकी नाही. मैदा, तूप, साखर घरून नेऊन बेकरीच्या भट्टीत नानकटाई आणि बिस्किटं भाजून आणायची रीत आपल्याकडे जुनी आहे. गोव्यात करंजीला नेवरी म्हणतात. चवथीला ती हिंदूंच्या घरी होते आणि नाताळात ख्रिस्ती घरांत कुस्वाराच्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या, ताटात मानानं असते. तिकडे नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरला सेंट निकोलसच्या सणाला पापुद्र्याच्या पिठात बदामाचं सारण भरून अक्षरांच्या आकाराची पेस्ट्री भाजतात. त्यांच्या सारणात बदाम आणि साखर समसमान वजनानं असतात, त्यात लिंबाच्या सालीचा किस पडतो, आणि ते आधी करून थंड जागी मुरत ठेवतात. यातल्या दोन गोष्टी आपण उचलू: सालीचा किस आणि मुरवणं. लिंबाच्या जागी अर्थातच नागपूरचं संत्रं. दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराची फळं बाजारात यायला लागलेली असतात.

साहित्य (साधारण २४ करंज्यांसाठी)

पारीसाठी:
- मैदा २५० ग्रॅम
- चिरोटी रवा, म्हणजे अगदी बारीक रवा, ५० ग्रॅम
- मोहनासाठी साजूक तूप ४० ग्रॅम
- मीठ पाव चमचा
- थंड दूध अंदाजे १३० ते १५० मिली

साट्यासाठी:
- घट्ट साजूक तूप ७० ग्रॅम
- तांदळाची बारीक पिठी किंवा कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम

सारणासाठी:
- बदाम २०० ग्रॅम
- पिठीसाखर १५० ग्रॅम
- भाजलेली खसखस २० ग्रॅम
- दुधाची पावडर ३० ग्रॅम
- दोन संत्र्यांच्या सालीचा किस
- वेलचीपूड एक चमचा, थोडं जायफळ
- पातळ केलेलं तूप एक ते दोन चमचे

वरून लावायला दोन चमचे दूध आणि चार काड्या केशर, भाजून झाल्यावर लावायला एक चमचा पातळ तूप.

बदाम: निम्मं यश इथेच

बाजारात मुख्यतः दोन तऱ्हेचे बदाम मिळतात, कॅलिफोर्नियाचे आणि मामरा. जगातल्या एकूण बदामांपैकी सुमारे ८० टक्के एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात, आणि आपल्या किराणा दुकानात बरणीत दिसतात तेही बहुतेक करून तिथलेच. मामरा आकारानं वेडावाकडा, तेलाला जास्त आणि किमतीला कितीतरी चढा. तो भिजवून नुसता खावा. सारणात त्याचं मोल कळत नाही, आणि सुरकुतलेल्या अंगामुळे त्याची साल काढणंही कंटाळवाणं होतं. करंजीला कॅलिफोर्नियाचा बदामच बरा.

घराजवळच्या दुकानात घ्यायचे तर आधी एक बदाम चावून पाहा. खवट लागला तर पुढे साखर-वेलची कितीही घाला, तो वास मरत नाही. जास्त प्रमाणात घ्यायचे असतील तर इतवारीची किराणा ओळ किंवा मस्कासाथ गाठावा. तिथे उठाव मोठा असल्यामुळे माल ताजा मिळतो. दिवाळीच्या आठवड्यात इतवारीत गाडी लावायला जागा मिळणं कठीण. प्रताप नगरातून छत्रपती चौकापर्यंत रिक्षानं जा, तिथून मेट्रो पकडून सीताबर्डीला गाडी बदला आणि चितार ओळी किंवा अग्रसेन चौकाला उतरा. तिथून किराणा ओळीकडे पायी जाता येतं. खरेदी फराळाच्या आठ-दहा दिवस आधी उरकावी. बदाम कडू लागले तर मात्र तो सगळा माल बाजूला काढा. कडू बदामात पोटात गेल्यावर सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, म्हणून ते खाण्यात येऊ नयेत.

साल काढण्यासाठी पाणी खळखळ उकळवा, गॅस बंद करा आणि बदाम त्यात दोन मिनिटं ठेवा, त्याहून जास्त नको. लगेच निथळून गार पाण्यात टाका. आता एक बदाम चिमटीत धरून दाबला की तो सालीतून सुळकन निसटतो. गरम पाण्यात जास्त वेळ राहिलेला बदाम पाणी पितो आणि पुढे दळताना त्याचा चिखल होतो.

सोललेले बदाम पुसून सुती कापडावर पसरा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. घाई असेल तर ओव्हनमध्ये १०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवले तरी चालतं. वाळले की नाही हे पाहायला एक बदाम मोडा. कट्कन दोन तुकडे झाले तर वाळला, वाकून मोडला तर अजून ओल आहे. सारण टिकणार की नाही हे या आवाजावर ठरतं.

वाळलेल्या बदामांपैकी निम्मे १५० अंशांवर दहा-बारा मिनिटं, फिका बदामी रंग येईपर्यंत भाजा आणि पूर्ण गार करा. भाजलेल्या बदामांनी वास येतो, न भाजलेल्यांनी गोडवा आणि पांढरेपणा राहतो. दोन्ही हवेत.

दळताना बदामाबरोबर निम्मी पिठीसाखरही मिक्सरच्या भांड्यात घाला. बदामाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मं तेल असतं. भांडं तापलं की ते तेल सुटतं आणि पुडीऐवजी गोळा हाती लागतो. साखर ते तेल धरून ठेवते. मिक्सर सलग चालवू नका. दोन-तीन सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा फिरवा. पूड बारीक रव्याइतकी सरसरीत हवी, पिठाइतकी मऊ नको. रव्याच्या चाळणीनं चाळून वर राहिलेला भरडा पुन्हा एकदा फिरवा. तरीही तेल सुटलंच तर त्या गोळ्याची बदाम वडी करा, करंजीत भरू नका.

संत्र्याचा किस आणि मुरवण

नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, त्यामुळे ते किसणीवर घासताना साल आत दबते आणि फाटते. म्हणून संत्री आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवून कडक करा. त्याआधी कोमट पाण्यानं चोळून धुवा आणि कोरडी पुसा. किसणीच्या सर्वांत बारीक बाजूवर अगदी हलक्या हातानं फक्त वरचा रंग काढायचा. खालचा पांढरा भाग आला की सारण कडवट झालंच समजा. आंबिया बहाराच्या सुरुवातीची साल हिरवट असते, तीही चालते. तिचा वास उलट जास्त तरतरीत असतो.

हा किस उरलेल्या पिठीसाखरेत घालून बोटांनी दोन मिनिटं चोळा. सालीतलं सुगंधी तेल साखरेत उतरतं आणि साखर किंचित ओलसर, केशरी होते. ती ताटात पसरून तासभर वाळू द्या. मग त्यात बदामाची पूड, खसखस, दुधाची पावडर, वेलची आणि जायफळ मिसळा. वरून चमचाभर तूप घालून हातानं चोळा. सारण मुठीत दाबल्यावर मूठ वळली पाहिजे आणि बोटानं टिचकी दिल्यावर मोडली पाहिजे. वळत नसेल तर आणखी थोडं तूप घाला. पाणी किंवा दूध घालू नका. डब्यात घट्ट बंद करून रात्रभर मुरू द्या. सकाळी डबा उघडाल तेव्हा बदाम, वेलची आणि संत्रं वेगवेगळं न राहता त्यांचा एकच वास आलेला असेल.

पारी आणि साटा: तुपाची नाडी ओळखा

मैदा, रवा आणि मीठ एकत्र चाळा. मोहनाचं तूप कडकडीत तापवून त्यावर ओता, चमच्यानं हलवा आणि हाताला सोसवेल तेव्हा चोळा. पिठाची मूठ वळली की मोहन पुरेसं झालं. भाजलेली करंजी तळलेलीपेक्षा कोरडी होते, म्हणून इथे मोहनात हात आखडू नये. थंड दूध थोडं थोडं घालत घट्ट भिजवा. पुरीच्या कणकेइतका गोळा हवा, पोळीच्या कणकेइतका सैल नको. ओलं फडकं झाकून अर्धा तास ठेवा, म्हणजे रवा फुगतो. मग पाटा-वरवंट्यानं किंवा बत्त्यानं कुटून, नाहीतर तळहाताच्या जोरानं पाच-सात मिनिटं मळून गोळा गुळगुळीत करा.

साट्यासाठी घट्ट तूप परातीत घेऊन तळहातानं फेसा. ते पांढरं आणि हलकं झालं की पिठी घालून पुन्हा फेसा. साटा बोटावर घेतल्यावर ओघळता कामा नये.

नागपूरच्या हवेचा संबंध इथे येतो. तूप साधारण तिशीच्या पुढच्या तापमानात वितळायला लागतं, आणि ऑक्टोबरात आपल्याकडे दुपारचा पारा सहज तिथे पोहोचतो. दिवाळी ऑक्टोबरात आली तर साटा लावायचं आणि लाटायचं काम सकाळी नऊच्या आत उरका. दुपारी केलंत तर साटा पिठात मुरतो, थर एकमेकांत मिसळतात आणि करंजी साध्या पारीची झाल्यासारखी होते. नाइलाजानं दुपारीच करायचं असेल तर प्रत्येक टप्प्यावर वळकट्या पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. नाताळात करायच्या असतील तर अडचण उलटी असते. डिसेंबरच्या थंडीत तूप दगडासारखं होतं आणि लाटताना पारीत तडे पडतात. तेव्हा साटा आधी थोडा वेळ उन्हात ठेवून मऊ करून घ्या.

काही बेकऱ्यांत साजूक तुपाऐवजी वनस्पती तूप वापरतात, कारण ते उन्हाळ्यातही घट्ट राहतं आणि थर चांगले सुटतात. सोय मोठी आहे, पण टाळूला चिकटणारा मेणचटपणा बदामाच्या सारणाची सगळी मेहनत वाया घालवतो. घरच्या करंजीला साजूक तूपच.

लाटणं, भरणं, मुरड घालणं

पिठाचे सहा सारखे गोळे करा. वजनकाट्यावर केलेत तर प्रत्येक गोळा ८० ग्रॅमच्या आसपास भरेल. प्रत्येकाची वीस-बावीस सेंटीमीटरची पातळ पोळी लाटा. एका पोळीवर साट्याचा सहावा भाग बोटांनी कडेपर्यंत सारखा पसरा, वर थोडी पिठी भुरभुरा, त्यावर दुसरी पोळी ठेवा, पुन्हा साटा, तिसरी पोळी, पुन्हा साटा. आता एका कडेपासून घट्ट वळकटी करा. आत हवा राहिली तर तिथे थर सुटून पारी फाटते. उरलेल्या तीन पोळ्यांची दुसरी वळकटी करा. काही घरांत मधल्या पोळीच्या पिठात केशर किंवा खायचा गुलाबी रंग घालतात. रंगीत थर फार देखणे दिसतात.

दोन्ही वळकट्या पंधरा मिनिटं गार जागी ठेवा. मग धारदार सुरीनं प्रत्येकीचे बारा तुकडे करा. सुरी वरून दाबू नका, पुढेमागे ओढत कापा, नाहीतर थर चिरडतात. कापलेली बाजू वर करून तुकडा तळहातानं अलगद दाबा आणि फक्त एकाच बाजूनं नऊ-दहा सेंटीमीटरची पारी लाटा. ज्या बाजूला वर्तुळं स्पष्ट दिसतात ती बाजू पोळपाटाकडे ठेवा, म्हणजे करंजी मिटल्यावर ती बाहेर येईल. बाकीचे तुकडे ओल्या फडक्याखाली झाकलेले असू द्या.

पारीच्या मध्यापासून थोडं एका बाजूला एक मोठा चमचा सारण ठेवा, साधारण १६ ग्रॅम. कडेला बोटानं अगदी थोडं दूध लावा, दुमडा आणि आतली हवा बाहेर काढत कडा दाबा. मग कातण्यानं कापा किंवा मुरड घाला. मुरडीसाठी कडेचं टोक अंगठ्यानं दाबून आत वळवायचं, पुन्हा त्याच्या पुढचं टोक, असं करत टोकापर्यंत जायचं. हे वाचून येत नाही. घरातल्या जाणत्या हाताशेजारी बसून पाहावं, मग स्वतः करावं. पहिल्या चार-पाच वाकड्या झाल्या तरी भाजल्यावर चवीला सारख्याच लागतात. शेवटी प्रत्येक करंजीच्या वरच्या अंगाला टूथपिकनं एक बारीक भोक पाडा. आतली वाफ तिथून निघते, नाहीतर ती कडा उघडून निघते.

ओव्हन

ओटीजीमध्ये खालच्या-वरच्या दोन्ही कॉइल चालू करून १९० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा. ओव्हन नीट तापण्याआधी करंज्या आत ठेवल्या तर पारीला पकड येण्याआधीच तूप वितळून ताटात सांडतं. ताटावर बटर पेपर घाला आणि दोन करंज्यांत दोन बोटं जागा सोडा. दुधात केशर खलून ते फक्त वरच्या पृष्ठभागावर ब्रशनं लावा. दुमडीच्या आणि थरांच्या कडेला दूध लागू देऊ नका. ते वाळलं की थर चिकटतात आणि फुलत नाहीत.

मधल्या कप्प्यात १९० अंशांवर दहा-बारा मिनिटं भाजा. थर उठायला लागलेले दिसतील. मग तापमान १७० करा, ताट मागचं पुढे फिरवा आणि आणखी पंधरा ते अठरा मिनिटं भाजा. घरगुती ओव्हनची मागची बाजू बहुतेक जास्त तापते, म्हणून ताट फिरवणं चुकवू नये. कडा सोनेरी, पोट हस्तिदंती आणि तळ बिस्किटाच्या रंगाचा झाला की बाहेर काढा. लगेच वरून पातळ तुपाचा हलका हात फिरवा. यानं पापुद्रा खडखडीत न राहता खुसखुशीत होतो.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शनवर १७० अंशांवर भाजा. नुसत्या मायक्रोवेव्हवर पारी चिवट होते. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर घालून वर जाळी ठेवा, झाकण लावून दहा मिनिटं तापवा आणि मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं भाजा. रंग कमी येतो, चव चांगली येते. ओळखीची बेकरी असेल तर विचारून पाहायला हरकत नाही. मात्र पावाची भट्टी फार तापलेली असते, म्हणून पाव काढून झाल्यावरची वेळ मागा.

बिघडलं तर कुठे पाहायचं

करंजी उघडली तर सारण जास्त झालं, कडेला दूध जास्त लागलं किंवा भोक पाडायचं राहिलं. थर सुटले नाहीत तर साटा वितळला होता किंवा ओव्हन पुरेसा तापला नव्हता. ताटात तूप सांडलं तरी कारण तेच. सारण आत खुळखुळत असेल तर ते कोरडं होतं, पुढच्या वेळी चमचाभर तूप वाढवा. तळ काळा आणि वरून पांढरी राहिली तर ताट पातळ आहे, त्याखाली दुसरं ताट ठेवून वरच्या कप्प्यात सरकवा. दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या तर डब्यात गरम असताना भरल्या. अशा करंज्या १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं तापवून पूर्ण गार केल्या की पुन्हा खुसखुशीत होतात.

ठेवणं आणि पाठवणं

जाळीवर किमान तीन तास गार होऊ द्या, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात कागद घालून भरा. या सारणात खवा किंवा ओलं काही नाही, त्यामुळे करंज्या बारा-पंधरा दिवस सहज टिकतात. घरच्या रीतीत खवा असेल तर तो तुपावर कोरडा होईपर्यंत परता आणि करंज्या तीन-चार दिवसांत संपवा.

मुलं सणाला उशिरा येणार असतील तर यातली एक सोय फार उपयोगी आहे. न भाजलेल्या करंज्या ताटात सुट्या ठेवून फ्रीझरमध्ये कडक करा, मग पिशवीत भरा. दोन-तीन आठवडे त्या चांगल्या राहतात. भाजायच्या वेळी वितळू न देता थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवा आणि पाच-सात मिनिटं जास्त द्या. सगळे घरी आले की वळायचं निम्मं काम त्यांच्याकडून करून घ्या आणि ताट गरम असतानाच समोर ठेवा.

बाहेरगावी पाठवायच्या तर कडक डब्यात एकेक थर कागदानं वेगळा करून भरा आणि वरची रिकामी जागा कागदाचे बोळे घालून भरून काढा, म्हणजे करंज्या हलत नाहीत. परदेशी पाठवायच्या असतील तर दुधाच्या पदार्थांबद्दलचे त्या देशाचे नियम कुरिअर कंपनीकडून आधी विचारून घ्या. गरज पडली तर दुधाची पावडर वगळून तितकीच भाजलेल्या बारीक रव्याची पूड घाला. डब्यावर ‘बदाम आहेत’ असं ठळक लिहा. बदामाची ॲलर्जी काहींना गंभीर त्रास देते.

तुमच्या घरची रीत वजनात आणा

आता मुख्य काम. घरात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: अंदाजानं घे, पिठाला लागेल तेवढं. अंदाजपंचे असलं तरी ते ज्ञान कच्चं नाही. त्या हातानं चाळीस-पन्नास दिवाळ्या केलेल्या असतात. ते कागदावर आणायचं काम आपलं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि मराठी घरांत मापानं स्वयंपाक शिकायची मोठी सोय झाली. पण वाटी घराघराची वेगळी, आणि एकच वाटी सपाट भरली की एक वजन, शीग लावली की दुसरं. भाजणीच्या कामात हा फरक लगेच दिसतो. म्हणून ग्रॅम.

यासाठी आजींना किंवा सासूबाईंना मोजून घ्या म्हणू नका. त्यांचा हात अडतो आणि अंदाज बिघडतो. त्याऐवजी काम सुरू होण्याआधी तुपाचा डबा, मैद्याचा डबा, साखरेचा डबा काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. त्यांना नेहमीसारखं करू द्या. काम संपल्यावर तेच डबे पुन्हा काट्यावर ठेवा. जो फरक येईल तेच त्यांचं प्रमाण. मोहन घातलेल्या पिठाची मूठ, फेसलेला साटा, भाजलेल्या करंजीचा तळ यांचे फोटो काढा, कारण ‘असं दिसलं की झालं’ हे शब्दात पकडणं अवघड असतं. मुरड घालताना हातांचा मिनिटभराचा व्हिडिओ घ्या. आणि कारणं विचारा: थंडच दूध का, रवा का, साटा हातानंच का फेसायचा. कारण कळलं की पुढे शहर, हवा, ओव्हन बदलला तरी करंजी बिघडत नाही.

मग हे सगळं एका पानावर स्वच्छ लिहा. वर ज्यांची रीत आहे त्यांचं नाव, गाव आणि तारीख टाका. त्या पानाच्या प्रती घरातल्या प्रत्येकाला द्या, मुलींना द्या तशाच मुलांनाही द्या. फराळाला अजून वेळ असेल तर हे काम या रविवारीच हाती घ्या. मैदा-तूप पुढच्या वर्षीही मिळेल. शिकवणारा हात समोर आहे तोवर शिकून घ्या.